पोयाकचं लाँश-बाज: बोर्दोहून एका दिवसात

लाँश-बाज हा फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या पोयाक गावातला शातो, म्हणजे स्वतःच्या द्राक्षबागा असलेलं वाइनघर. बोर्दोच्या सँ-ज्याँ स्टेशनवरून पोयाकला पॅसेंजर जाते, सव्वा तास धरा. गाड्या मोजक्याच असल्यामुळे परतीची वेळ ठरल्याशिवाय निघू नका. स्टेशनपासून शातो असलेल्या बाज वस्तीपर्यंत दक्षिणेला अर्ध्या तासाची चाल आहे आणि वाटेत सावली जवळजवळ नाही. गाडी घेऊन जायचं असेल तर चालवणाऱ्याने चाखलेली वाइन थुंकायचीच. रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही तिथली मर्यादा आहे. शातोची भेट आधी आरक्षित करावी लागते, तेव्हाच इंग्रजीतली फेरी मागून घ्या.

आधी बागेच्या कडेला थांबून जमीन पाहा. आपल्या नाशिककडच्या मांडवाखालून माणूस चालत जातो, इथे वेल कमरेएवढी आणि घड त्याहून खाली. जमिनीत मातीपेक्षा गोटेच जास्त दिसतात. पावसाचं पाणी त्यांतून लगेच निचरतं, म्हणून मुळांना खोल जावं लागतं. शिवाय दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षाच्या जातीला हीच ऊब हवी असते, आणि लाँश-बाजमध्ये साधारण तीन-चतुर्थांश वाटा तिचाच.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त वेळ 19व्या शतकातल्या जुन्या पिंपघराला द्या. द्राक्षं वरच्या मजल्यावर चढवायची, देठ काढायचे, रुळांवरच्या ढकलगाडीतून खालच्या लाकडी पिंपांत सोडायची. पंप नाही, त्यामुळे बिया चिरडून कडवटपणा उतरत नाही. वास्तुविशारद चिएन चुंग पेई यांनी आखलेली नवी इमारतही याच तत्त्वावर चालते. तिथली टाक्यांची गर्दी शोभेची नाही: बागेचा प्रत्येक तुकडा वेगळ्या दिवशी पिकतो, त्याचा रस वेगळाच आंबवायचा. एकदा मिसळलेला रस पुन्हा वेगळा करता येत नाही. पुढे ओकच्या 225 लिटरच्या पिंपांत सुमारे दीड वर्ष. मेदोकमध्ये, म्हणजे पोयाकच्या या भागात, वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरायची जुनी रीत आहे. शाकाहारी मंडळींनी त्या वर्षाच्या बाटलीबद्दल विचारून घ्यावं.

बोर्दोच्या वाइनघरांच्या 1855च्या वर्गवारीत हे घर पाचव्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीत आहे. त्यावर जाऊ नका. ती यादी जवळपास गोठलेली आहे, 1973मध्ये पोयाकच्याच मूतों शातोला पहिल्या श्रेणीत घेतलं तेवढीच मोठी बढती. चव त्याहून वरची आहे. कोवळी वाइन कच्च्या जांभळासारखी तोंड आवळते. दहा-पंधरा वर्षांनी तुरटपणा मऊ होतो आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास वर येतो. चाखायच्या दिवशी सकाळी परफ्यूम लावू नका, पेन्सिलीचा तो वास त्यात हरवतो.

भारतात परतताना माणशी 2 लिटर शुल्कमुक्त, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका, हातातल्या बॅगेतून सुटणार नाहीत. घरी माळ्यावर ठेवू नका: उन्हाळ्यात वाइन फुगते, बूच सरकतं, हवा शिरते. बाटली आडवी, अंधारात, गार जागी हवी.

पुण्या-मुंबईत ‘रूम टेंपरेचर’ला देऊ नका, 16 ते 18 अंशांवर द्या, त्यासाठी आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून गाळ बसू द्या, मग मानेखाली टॉर्च धरून संथ धारेने काचपात्रात ओता. गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की हात थांबवा.