टाइम ऑफिसच्या दारातून आत

बारावी कॉमर्सला असताना आमच्या कॉलेजने हॉटेल आणि इव्हेंटमधली कामं दाखवायला आम्हाला गोव्याला नेलं. सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा, की आलंच पर्वरी. आमच्याकडची कितीतरी मुलं याच रस्त्याने गोव्यात नोकरीला जातात, पण तिथे ती नेमकं काय करतात हे त्यांच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. म्हणून परवानगी मागितली तेव्हा बाबांनी विचारलं, "हॉटेलात मुलीचं काय काम?" शेवटी मॅडमनी फोन केला. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, इथली हॉटेलं चालवायला इथलीच शिकलेली माणसं नकोत का, असं त्यांनी समजावल्यावर सही मिळाली.

सकाळी पर्वरीचं इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट पाहिलं. केंद्र सरकारच्या हॉटेल मॅनेजमेंट कौन्सिलशी जोडलेली ही संस्था. तीन वर्षांची बीएस्सी, त्यात एक सत्र थेट हॉटेलात ट्रेनिंग. सराव-किचनमध्ये भाजीला हिरवा, मासळीला निळा, कच्च्या मटणाला लाल असे वेगवेगळे चॉपिंग बोर्ड होते. कच्च्या मांसातले जंतू कोशिंबिरीत जाऊ नयेत म्हणून ही शिस्त.

खरं शिकायला मिळालं ते दुपारी, एका मोठ्या हॉटेलात. तिथे आम्हाला लॉबीतून नेलं नाही. मागच्या गेटने, जिथे कर्मचाऱ्यांची हजेरी लागते आणि पिशव्या तपासतात त्या टाइम ऑफिसमधून आत घेतलं. मला ही गोष्ट फार आवडली. पाहुणा म्हणून हॉटेल कुणालाही बघता येतं. आम्हाला लाँड्री, स्टाफ कँटीन, सर्व्हिस लिफ्ट आणि भांड्यांचा स्टुअर्डिंग विभाग आधी दिसला, झुंबर नंतर.

हाउसकीपिंगच्या ताईंनी बेड करून दाखवला. चादर ओढत बसायची नाही, एकदाच झटकून मधली घडी पलंगाच्या बरोबर मध्यावर आणायची आणि कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली सारायचा. एका शिफ्टमध्ये एकीच्या वाट्याला साधारण चौदा-पंधरा खोल्या येतात. चादरींचा हिशोबही असतो: एक जोड खोलीत, एक धुलाईला, एक कपाटात. त्यातला एक कमी पडला की संध्याकाळी येणारा पाहुणा खोली तयार व्हायची वाट बघत खाली बसतो.

बँक्वेट हॉलमध्ये, म्हणजे हॉटेलच्या समारंभाच्या सभागृहात, रात्रीच्या लग्नाच्या रिसेप्शनची मांडणी चालली होती. दोन मुलं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरत होती आणि तिसरा प्रत्येक खुर्ची त्या रेषेला लावत होता. एक मुलगी काचेचे ग्लास गरम पाण्याच्या वाफेवर धरून पुसत होती आणि प्रत्येक ग्लास दिव्याकडे करून बघत होती. तिथल्या कॅप्टनदादांनी, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखांनी, माझं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "तू खंयची गो?" ते वेंगुर्ल्याचे निघाले. मग आमची मालवणीतूनच शिकवणी झाली. भिंतीवर लावलेला कागद म्हणजे फंक्शन प्रॉस्पेक्टस: किती पाहुणे, त्यातले पक्के किती, मेनू काय, स्टेज कुठे, जेवण किती वाजता. किचन, हाउसकीपिंग, इलेक्ट्रिशियन, सिक्युरिटी, सगळे त्या एकाच कागदावर चालतात. यजमानांनी शंभर माणसं आयत्या वेळी वाढवली तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, पक्क्या आकड्यापेक्षा थोडं जास्त शिजवलेलं असतंच, पण खरा प्रश्न अन्नापेक्षा प्लेटा, खुर्च्या आणि वाढणाऱ्या हातांचा असतो. बुफेवरचं गरम अन्न साठ अंशांच्या वर आणि थंड पाच अंशांच्या खाली हवं. त्यासाठी एक जण थर्मामीटर घेऊन फिरतो आणि आकडे वहीत लिहितो.

बाहेर लॉनवर इव्हेंट कंपनीची माणसं होती. त्यांच्या हातात मिनिटामिनिटाचा रनशीट. वरात किती वाजता, दिवे केव्हा मंद, केक कुणी आणायचा, सगळं लिहिलेलं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, त्यामुळे नाचगाणी आधी आणि जेवण मागाहून, असा सगळा क्रम त्या दहावरून मागे मोजत बसवलेला होता. जनरेटर, अग्निशमनाचा दाखला, गाण्यांचे परवाने, यातलं काहीही राहिलं तर ते स्टेजवर दिसतंच. तिथली समन्वयक ताई कॉलेजात असताना इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, स्वयंसेवक होती. २००४ पासून हा महोत्सव पणजीत भरतो, बहुतेक वर्षी नोव्हेंबरात. गर्दी, पास आणि पाहुण्यांच्या गाड्या सांभाळायला ती तिथेच शिकली.

गोड बाजूच दाखवली असं नाही. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी काम, दुपारी सुट्टी, रात्री परत काम. गणपती आणि दिवाळीला, म्हणजे घरी सगळे जमतात तेव्हाच, इथे सुट्टी मिळणं अवघड. पावसाळ्यात इव्हेंटवाल्यांचं काम रोडावतं. सुरुवातीचा पगार तर मुंबई-पुण्याच्या ऑफिसांपेक्षा कमीच. रात्री उशिरा सुटणाऱ्या मुली घरी कशा जातात, हे मी एचआरच्या मॅडमना सगळ्यांसमोर विचारलं. गाडी दारापर्यंत सोडते आणि वाटेत कोण कुठे उतरलं याची नोंद सिक्युरिटीकडे राहते, असं त्यांनी सांगितलं. सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीने हा प्रश्न विचारावा. त्याचं उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही.

मी एनसीएचएम जेईईचा, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भरला आहे. बारावीला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. परीक्षेत गणित, तर्क, सामान्यज्ञान, इंग्रजी आणि सेवाक्षेत्राचा कल असे भाग आहेत. माझं गणित बरं आहे, इंग्रजी बोलायला अडखळते, म्हणून रोज संध्याकाळी मैत्रिणीबरोबर रिसेप्शन काउंटरवरचे संवाद मोठ्याने म्हणते. प्रवेश मिळाला तर मला बँक्वेटमध्येच जायचंय. फ्रंट ऑफिस, म्हणजे रिसेप्शनचं काम बरं, असं आई म्हणते. पण सुतळी ताणून खुर्च्या लावलेला तो हॉल बघितल्यापासून माझं ठरलंय.