जुवाचा दिवा

माजघरात जेवणाच्या टेबलावर टांगता दिवा हवा, याबद्दल आमच्या घरात कोणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो कसला हवा याचा. घर वेंगुर्ले तालुक्यात, चिऱ्याच्या भिंतींचं आणि कौलारू, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. समुद्र चालत दहा मिनिटांवर. माजघरावर माळा आहे, म्हणजे डोक्यावर लाकडी तुळया आणि फळ्या. उजेडासाठी भिंतीवर एक ट्यूबलाइट होती, आणि तिच्याकडे पाठ करून जेवायला बसलं की आपली सावली आपल्याच ताटात पडायची. पेडवे माशांचे काटे त्या सावलीत बोटांनी चाचपत काढायचे.

दिराने मुंबईहून व्हॉट्सॲपवर लिंका पाठवायला सुरुवात केली. ऑनलाइन 'रस्टिक' म्हणून जे दिवे मिळतात त्यांचे प्रकार ठरलेले: काळ्या लोखंडी पाइपाचे, तारेच्या पिंजऱ्यातले, ज्यूटची दोरी गुंडाळलेले, आणि मुद्दाम गंजल्यासारखा रंग मारलेले. किंमत पाच-सहा हजारांच्या पुढे. त्या गंजक्या रंगाचा फोटो बघून नवरा म्हणाला, "गंजाचे पैसे मिळत असतील तर आपल्या खिडक्यांचे गज आजच विकायला काढूया."

ही नुसती थट्टा नव्हती. खाऱ्या वाऱ्यात लोखंड कसं जातं ते आमच्या घराने वर्षानुवर्षं पाहिलंय. पावडर कोटिंग सपाट पृष्ठभागावर टिकतं, पण कड, वेल्डिंग आणि स्क्रूचं भोक इथून उचललं जातं. साखळी तर सर्वांत वाईट. कडीवर कडी घासून रंग निघतो, त्या सांध्यात मीठ आणि दमट हवा बसून राहते, आणि वजन नेमकं तिथेच पेललेलं असतं. स्टीलचं म्हणाल तर साध्या ३०४ ग्रेडवरही समुद्राजवळ तपकिरी डाग येतात. होड्यांच्या सामानात ३१६ वापरतात ते त्यासाठीच. पितळ हिरवं पडतं, पण ते वरवर, लोखंडासारखं आतून पोखरलं जात नाही. आणि ज्यूट? जुलैमध्ये आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. दोरी गुंडाळलेल्या दिव्याचं काय होणार ते सांगायला नको.

मला स्वतःला काचेची हंडी हवी होती. जुन्या घरांत असायच्या तशी, पितळी कड्यांना तीन साखळ्या असलेली. मुंबईच्या चोर बाजारात अजून मिळतात, भाव मात्र आपल्या ऐपतीचे नाहीत. पण भावापेक्षा मला अडवलं ते किड्यांनी. पहिला मोठा पाऊस पडून गेला की संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी दिव्यावर तुटून पडते. वरून उघडी आणि खालून बंद अशी कुठलीही वस्तू दिव्याखाली असली की सकाळी ती पंखांनी आणि मेलेल्या किड्यांनी भरलेली. जेवणाच्या टेबलावर ते कोण झाडत बसणार? तेव्हा शेड खालून उघडीच हवी, एवढं पक्कं झालं. दिवा निवडताना रंगरूप बघण्याआधी मी एवढंच विचारत गेले की यात किडा अडकेल कुठे आणि पाणी साचेल कुठे. निम्मे दिवे त्या प्रश्नावरच बाद झाले.

गोठ्यात एक जू पडून होतं. शेवटची बैलजोडी विकून बरीच वर्षं झाली, आता नांगरणीला पॉवर टिलर येतो. नांगराचा लाकडी भाग वाळवीने खाल्ला, इसाड, म्हणजे नांगराची लांब दांडी, कोणीतरी चुलीत घातलं असावं, जू मात्र आढ्याखाली खुंटीवर टांगलेलं असल्यामुळे शाबूत राहिलं. चार फुटांहून थोडं लांब. बैलांच्या मानेवर यायचं तिथे दोन्हीकडे लाकूड घासून घासून गुळगुळीत झालेलं, इतकं की त्यावरून बोट फिरवलं तर रेषाही लागत नाहीत. दोन्ही टोकांना शिवळा, म्हणजे बैलाच्या मानेशी येणाऱ्या काठ्या, घालायची आरपार भोकं आणि मधे इसाड बांधायची खाच. वायर खाली सोडायला भोकं तयारच होती, नवीन एकही पाडायला लागलं नाही. सहा फुटांच्या टेबलावर त्याची लांबीही बरोबर बसत होती.

सासूबाईंना हे रुचलं नाही. "बैलांच्या मानेवयलां जू जेवणार बसतल्यांच्या डोक्यार टांगतलास?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, संकोच होता. ज्या घरात दिवाळीच्या पाडव्याला गोठ्यात गोवर्धन घालून गुरांना ओवाळायचे, तिथे जू ही काही शोभेची वस्तू नव्हे. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, गोठ्यात ठेवलं तर दोन पावसाळ्यांत वाळवी नेईल." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आल्या आणि जू स्वतः धुऊन उन्हात ठेवलं. हा होकार, असं मी धरून चालले.

लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. भुंगा जिवंत आहे की जुना, हे कळण्याची एक साधी रीत सुताराने सांगितली. जू वर्तमानपत्रावर ठेवायचं, ठोकून आतला भुसा पाडायचा, कागद बदलायचा आणि मग चार-पाच दिवस हात लावायचा नाही. नव्या कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला तर आत कोणीतरी जेवतंय. आमच्याकडे पडला. मग मेडिकलमधून सिरिंज आणून प्रत्येक भोकात वाळवीचं औषध सोडलं, भोकं मेणाने बंद केली आणि जू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. हे काम हातमोजे घालून, उघड्यावर आणि पोरं आसपास नसताना करायचं. सुताराचं पहिलं मत वेगळं होतं: काजूच्या टरफलाचं तेल लावा, होड्यांना लावतात तसं, किडा फिरकणार नाही. खरंय ते. पण ते तेल अंगावर उततं, काळंकुट्ट दिसतं, वासही जात नाही. माळ्यावरच्या वाशांना ठीक, जेवणाच्या टेबलावर नको. शेवटी बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन पातळ हात दिले. लाकूड गडद झालं आणि मानेच्या जागची झीज उठून दिसायला लागली. व्हार्निशचा चकचकाट मी होऊ दिला नाही.

शेडसाठी रोवळ्या घेतल्या. तांदूळ धुवायच्याच, बांबूच्या, लहान आकाराच्या. सावंतवाडीच्या आठवडा बाजारात बुरूड बायका घेऊन बसतात. पालथी टांगली की रोवळी खालून उघडी राहते, विणीतून उजेड चहूकडे झिरपतो आणि बल्ब थेट डोळ्यात येत नाही. उघडे फिलामेंट बल्ब फोटोत छान दिसतात, पण समोर बसून जेवणाऱ्याला ते छळतात. त्या बाईला मी शेडसाठी हव्यात म्हणून सांगितलं तेव्हा तिने वीण जरा विरळ असलेल्या तीन शोधून दिल्या, आणि तळाला वायरीपुरतं भोक स्वतःच कोयतीच्या टोकाने करून दिलं. वीण न तोडता, पट्ट्या बाजूला सारून. मी केलं असतं तर उसवलं असतं. घरी आणून त्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजत घातल्या आणि सावलीत सुकवल्या. बांबूतला गोडवा किड्याला आवडतो, त्यावर हा उपाय. कुडाळकडे बांबूचं फर्निचर करणारेही याच मिश्रणाने बांबू मुरवतात.

आता वायरमन. गावातलाच मुलगा, हुशार आणि कामात सावकाश. त्याने जू उचलून बघितलं, वर तुळई बघितली आणि म्हणाला, "वयनी, नुसतो हूक पिळून चलाचो नाय. लाकूड जुना आसा, आरपार बोल्ट मारूक होयो." तुळई ठिकठिकाणी हातोडीने ठोकून पाहिली. घट्ट लाकडाचा ठणठणीत आवाज येतो, वाळवीने खाल्लेलं असेल तर बद्द वाजतं. बद्द वाजलेली एक जागा सोडून दोन जागा ठरल्या. खालून वर आरपार भोक, त्यात स्टीलचा आयबोल्ट, आणि माळ्यावर मोठा वॉशर घालून दोन नट. नट एकच असेल तर पंख्याच्या कंपनाने सैल होत जातो. टांगणी मुद्दाम दोन ठिकाणी घेतली, कारण एका टांगणीवर जू वाऱ्याने गरगर फिरलं असतं. आमच्या माजघरात मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, आणि समुद्रावरचा खारा वारा यांची जी काही अदलाबदल चालते, ती बाहेरच्यांना सांगून पटायची नाही.

वजन पेलतं ते होड्यांच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या ३१६ स्टीलच्या बारीक वायररोपवर. त्याच्याभोवती सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, गुंडाळला आहे, तो फक्त दिसण्यासाठी. काथ्या खाऱ्या पाण्यात मुरवून काढतात, त्यामुळे दमट हवेचं त्याला ज्यूटइतकं वावडं नाही. दिवा चढवण्याआधी त्या दोन बोल्टांना २५ किलोची तांदळाची गोणी रात्रभर टांगून ठेवली. जू, होल्डर, रोवळ्या सगळं मिळून सात किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तिपटीहून जास्त वजनावर परीक्षा झाली. सकाळी बोल्ट जागचे हलले नव्हते. सासूबाईंनी गोणी उतरवून घेतली आणि त्यातलेच तांदूळ शिजायला टाकले.

विजेच्या बाजूला मात्र एक जुनं दुखणं बाहेर आलं. वायरमनने बटण बंद करून होल्डरात टेस्टर लावला तर टेस्टरचा दिवा पेटला. "बगा, बटन बंद आसा तरी करंट येता. कोणीतरी बटन न्यूट्रलार दिल्यान." म्हणजे इतकी वर्षं आम्ही बटण बंद करून ट्यूब पुसत होतो ती जिवंत वायरीवर. बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर, असायला हवं. ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, असलं की कधी कधी एलईडी बल्ब बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. तुमच्याकडे तसं होत असेल तर बल्ब बदलण्याआधी वायरमनला बोलवा. आणि कुठलंही काम बटण बंद करून नव्हे, मेन स्विच पाडून करायचं.

अर्थिंगची वायरही त्या पॉइंटपर्यंत पोचलेलीच नव्हती. पितळी होल्डर लावायचे तर ती हवीच, म्हणून बोर्डापासून नवीन तीन वायरी ओढल्या. माळ्यावर उंदीर आहेत, त्यामुळे तिथे सगळं पीव्हीसी पाइपातून आणि जोड बंद डब्यात. खाली भिंतीवर केसिंग पट्टी, कारण चिऱ्याची भिंत फोडून वायर गाडायला सासूबाईंनी आणि मी एकमुखाने नकार दिला. मेन बोर्डात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, त्याच वेळी बसवला. दिव्याच्या निमित्ताने झालेला हा खर्च दिव्यापेक्षा जास्त होता, पण तो कधीतरी करायचाच होता. मे महिन्यात जांभ्याची जमीन खडखडीत सुकते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, हे वायरमनने जाताना बजावलं. आता झाडांना पाणी घालताना त्यालाही घालतो.

होल्डर मी पिनवाल्या बल्बाचे घेतले. ऑनलाइन दिव्यांना बहुतेक स्क्रूचे असतात. स्क्रूचा बल्ब खाऱ्या हवेत आट्यांना धरून बसतो आणि काढताना काच हातात येते, शिवाय रात्री आठ वाजता बल्ब उडाला तर आमच्या नाक्यावरच्या दुकानात पिनवालाच मिळतो. बल्ब ४ वॅटचे फिलामेंट एलईडी, २७०० केल्विनचे, पिवळसर. एकेक साधारण ४०० ल्युमेनचा, म्हणजे जुन्या ४० वॅटच्या बल्बाएवढा. जुना बल्ब मात्र रोवळीत चुकूनही लावायचा नाही. बांबू आणि तेवढी उष्णता यांचं जमत नाही. पिवळ्या उजेडावर किडे पांढऱ्यापेक्षा कमी येतात. येतच नाहीत असं नाही. वाळवी उडते त्या संध्याकाळी आम्ही अजूनही दिवा मालवून स्वयंपाकघरात जेवतो.

उंची ठरवायला सगळ्यात जास्त वाद झाला. टेबलापासून रोवळीची खालची कड ७५ ते ९० सेंटिमीटरवर असावी असा सर्वसाधारण हिशेब. नवऱ्याला खाली हवा होता, वाढणारी मी, मला वर. उभं राहून आमटी वाढताना रोवळी कपाळाला लागता कामा नये आणि बसलेल्या दोघांना एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत. शेवटी ८५ वर ठरलं. वायररोपच्या क्लिपा सैल करून कमी-जास्त करता येतं, पण कोणी केलेलं नाही.

देखभाल विचाराल तर दसऱ्याच्या साफसफाईत रोवळ्या काढून ब्रशने झाडायच्या, होल्डरचं पितळ चिंचेने नव्हे तर कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण आंबट ओलावा आत वायरीपर्यंत जातो. बोल्टाचे नट पान्याने तपासायचे. वीज कडाडायला लागली की मेन बंद करायची घरची सवय आहेच, त्यामुळे बल्ब टिकतात.

आता सासूबाईंना पडवीत तसाच एक हवाय. तिथे पावसाची झड थेट आत येते, तेव्हा लाकूड-बांबू काही चालणार नाही. तिथे भिंतीला चिकटून बसणारा बंद काचेचा बल्कहेड दिवा, प्लॅस्टिक बॉडीचा आणि आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, असंच ठरलंय. तोही पिवळा आणि किनाऱ्याकडे तोंड न केलेला, कारण आमच्या बाजूला वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालायला लागतात. त्याचा पॉइंट काढायला वायरमन गणपतीनंतर येतो म्हणालाय.