गवत कापणीचा संप, आजोबांच्या तोंडून

आजची दुपार तलासरीजवळच्या एका पाड्यावर, एका वारली आजोबांच्या ओटीवर गेली. त्यांना अक्षर ओळखता येत नाही. पण १९४५ चा वारल्यांचा उठाव त्यांना तोंडपाठ आहे, कारण त्यांच्या बापाने तो पाहिला आणि लहानपणी रोज रात्री सांगितला.

लग्नापुरते पैसे सावकाराकडून घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या शेतावर लग्नगडी म्हणून राबायची. फुकटची वेठ वेगळीच. मग मे महिन्यात झरीला सभा झाली, गोदाराणी (किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर) बोलल्या आणि वेठ बंद करायचं ठरलं. पुढे गवत कापणीचा संप. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

आजोबा सांगताना दोर वळत होते. शेजारी बसलेल्या नातवाला मध्येच थांबवून विचारायचे, सभा कुठे झाली? पोरगं चुकलं की गोष्ट पुन्हा सभेपासून सुरू. तिसऱ्यांदा त्याने बरोबर सांगितलं तेव्हाच पुढे सरकले. इतकी काटेकोर शिकवणी मी कुठल्या वर्गात पाहिली नाही. माझ्या शाळेत तर हा उठाव कधी कुणी शिकवलाच नाही, याचा मला आज फार राग आला.

त्यांना विचारूनच सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय. डहाणू, जव्हार, मोखाड्याकडच्या मित्रांनो, तुमच्या घरात असं सांगणारं कुणी असेल तर मला कळवा. मी येतो.