पंचनाम्यावरची सही आणि माझ्या नावाचं वॉरंट

२०१६ साली कोल्हापुरात आमच्या शेजारच्या दुकानाचं कुलूप तोडून चोरी झाली. पोलिसांनी पंचनाम्यासाठी दोन पंच मागितले. मी आणि समोरचे पानपट्टीवाले पुढं झालो, सह्या केल्या. नंतर त्या केसबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. आणि या वर्षी थेट फोन आला, "तुमच्या नावचं जामीनपात्र वॉरंट हाय. ऱ्हायला कुठं हायसा आता?"

आधी वाटलं, हा फसवणुकीचाच फोन. सध्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली किती जणांना लुबाडलंय, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी एवढंच विचारलं: कोर्ट कुठलं, केस नंबर काय, तारीख कधीची? हवालदारांनी तिन्ही गोष्टी सांगितल्या, वर म्हणाले, "पोलीस ठाण्यात या, कागद बघून घ्या." पैशाचा विषय नाही, फोन ठेवू नका अशी धमकी नाही. असा फोन आला की हे तीन प्रश्न जरूर विचारा. पैसे मागितले तर फोन ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

ठाण्यात जाऊन कागद पाहिला. छापील फॉर्म, त्यावर पेनानं लिहिलेलं माझं नाव, खाली न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का. या दोन गोष्टी नसतील तर ते वॉरंटच नव्हे. किती रकमेच्या जामिनावर सोडायचं आणि कुठल्या तारखेला हजर राहायचं, तेही त्यावरच लिहिलेलं होतं. मी तारखेला येतो असा जातमुचलका लिहून दिला, जामीनदार म्हणून मेहुण्यांनी सही केली. पैसे भरावे लागले नाहीत. ही रक्कम माणूस तारखेला आलाच नाही तर वसूल होण्यासाठी असते, हे तिथं समजलं.

पण वॉरंट निघालंच कशामुळं? शुक्रवार पेठेतलं आमचं घर २०१९ च्या महापुरात बुडालं, २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हा आम्ही कळंब्याला राहायला गेलो. कोर्टाचे समन्स मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहिले. परत गेलेल्या समन्सवर शेरा होता, ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही’. पुरानं अख्खी गल्ली हलवली, माझा मोबाइल नंबर तोच राहिला, आणि तो पंचनाम्याच्या कागदात होता. एक फोन झाला असता तर वॉरंटापर्यंत गोष्ट गेली नसती. मला याचा राग आहे. पंच म्हणून उभा राहणारा माणूस आपल्या कामाचा वेळ मोडून कायद्याला मदत करत असतो.

केस शोधताना एक अडचण आली, ती सांगतो. ई-कोर्ट्स या केसची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर आणि ॲपवर पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. मी माझं नाव टाकलं, काहीच आलं नाही. येणारच नव्हतं, कारण साक्षीदार हा पक्षकार नसतो. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला आरोपी. ‘आपल्या नावावर काही नाही’ असं समजून कुणी गाफील राहू नये. खालीच एफआयआर नंबरनं शोधायची सोय आहे. जिल्हा, पोलीस ठाणे, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकलं की केस निघते. तिथं १६ अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो लिहून ठेवा, पुढं त्या एकाच नंबरावर सगळं दिसतं. मागच्या तारखांवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते उघडतं. माझे समन्स न बजावता परत आल्याची नोंद मला तिथंच सापडली.

मित्राची मुलगी वकिली करते. ती म्हणाली, "काका, घाबरू नका. वॉरंट आरोपीलाच निघतं असं नाही. समन्स मिळूनही साक्षीदार आला नाही, किंवा तो येणारच नाही असं कोर्टाला वाटलं, तरी निघतं. तुम्हाला समन्स मिळालंच नाही, हाच तुमचा मुद्दा." पुढचं तिनं बजावून सांगितलं: वॉरंट काढलेल्या कोर्टानं रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंतच राहतं. वर्षं गेली म्हणून आपोआप मरत नाही. तसंच पडून राहिलं तर उद्या अजामीनपात्र निघायला वेळ लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा आला असला तरी आमची सुनावणी त्याआधीपासून चालू, म्हणून अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० (२) खाली केला. नव्या केसला नव्या संहितेचं कलम ७२ (२) लागतं.

तारखेला अकराच्या आत कसबा बावड्याला पोचलो. हल्ली "कोर्टात सोडा" म्हटलं की रिक्षावाले "जुनं का नवं?" विचारतात, कारण भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. जिल्ह्याचं काम बावड्याच्या न्यायसंकुलातच.

अर्ज साधाच होता: नाव, केस नंबर, जुना पत्ता, नवा पत्ता, समन्स मिळालं नाही, वॉरंट रद्द व्हावं. सोबत आधारची आणि कळंब्याच्या लाईट बिलाची झेरॉक्स. बेंच क्लार्क म्हणाले, "आधी सरकारी वकिलांचा ‘से’ घ्या," म्हणजे अर्जावर त्यांचं लेखी म्हणणं. सरकारी वकील मॅडमनी अर्ज वाचून ‘हरकत नाही’ लिहिलं. पुकारा झाला, मी पुढं गेलो. न्यायाधीशांनी विचारलं, "आता पत्ता हाच ना? आज साक्ष द्याल?" मी हो म्हणालो. अर्जावरच वॉरंट रद्दचा आदेश झाला.

दुपारनंतर साक्ष झाली. पंचनामा समोर आला, पिवळा पडलेला, कोपऱ्यात माझी सही. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, कुलूप कुठल्या कंपनीचं होतं? मला आठवत नव्हतं, तसं सांगितलं. शटर वाकलेलं होतं, कडी कापलेली होती, तेवढं ठाम सांगितलं. आठवतं तेवढंच बोलायचं, हे सरकारी वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

इथं काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. रद्द झालेल्या वॉरंटवर मुंबईत एका वकिलांना पोलिसांनी अटक केली होती; ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयानं वॉरंटांची नोंद ठेवायला आणि रद्द झालेलं वॉरंट पोलिसांकडून परत मागवायला सांगितलं. नियम झाला, तरी टपाल वेळेत पोचेलच असं नाही. म्हणून मी नक्कल विभागात आदेशाच्या नकलेसाठी अर्ज टाकला. नक्कल मिळाल्यावर ठाण्यात नेऊन दिली आणि माझ्याकडच्या प्रतीवर पोच घेतली. हवालदारांनी रजिस्टरला नोंद केली, नवा पत्ताही लिहून घेतला.

पानपट्टीवाल्यांचाही समन्स परत गेला होता. ते आता मुलाकडं इचलकरंजीला असतात. त्यांना फोन करून सीएनआर नंबर दिला आणि अर्जाचा नमुना पाठवला. त्यांची तारीख पुढच्या महिन्यात आहे, मी सोबत जाणार आहे.