कोलोनमधली सोन्याची पेटी

आज जर्मनीतल्या कोलोनला ट्रेन बदलायची होती, दीड तास हातात, म्हणून स्टेशनला खेटून असलेल्या कथेड्रलमध्ये शिरले आणि अडकलेच! काचेआड तीन राजांची पेटी आहे, बाळ येशूला बघायला आलेले ना तेच, त्यांच्या म्हणून मानलेल्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून इथे आणल्या आणि नंतर निकोलस ऑफ व्हर्दून नावाच्या सोनाराने त्यांच्यासाठी या पेटीचं काम सुरू केलं. २२० सेंटीमीटर लांब, चर्चच्याच आकाराची, आत लाकूड वरून सोनंचांदी, तारकाम, मीनाकाम, हजारावर खडे, जुन्या रोमन कोरीव खड्यांनाही कोंदण केलेलं. मी मात्र पेटीवरच्या खालच्या ओळीतल्या, बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या मूर्तींकडेच बघत राहिले, पत्रा ठोकून केलेल्या त्या अंगरख्यांच्या चुण्या अगदी ओल्या धोतरासारख्या अंगाला चिकटलेल्या. फोटो सगळे हललेत. ट्रेन अर्थात गेली 😅