पावित्र्य आणि महिन्याची एक तारीख

पवित्र जीवनाविषयी आमच्या ख्रिस्ती मंडळीत बोलणे निघाले की ते बहुतेकदा व्यसने, पेहराव, उपवास यांच्याभोवतीच राहते. या गोष्टींना महत्त्व आहेच. परंतु बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा 19 वा अध्याय सलग वाचला, तर देवाने पावित्र्याची अपेक्षा आणखी कुठे कुठे ठेवली आहे हे पाहून मन गंभीर होते. ‘तुम्ही पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे’ या आज्ञेनंतर तो अध्याय आईवडील, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, आणि अर्पणे यांवरून लवकरच शेताच्या कडेला येतो, जिथले पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडायचे असते. आणि तेराव्या वचनात तो सांगतो की मजुराची मजुरी सकाळपर्यंतही आपल्याजवळ ठेवायची नाही.

मुंबईत हे वचन जवळजवळ प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या दारात उभे आहे. धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा पगार चार दिवस पुढे गेला तर आपले काही अडत नाही. त्यांचे मात्र खोलीचे भाडे, मुलांची फी, किराणा आणि भिशीचा हप्ता असे सगळेच अडते, आणि काम जाईल या भीतीने त्या मागतही नाहीत. अशा न मागितलेल्या पैशांबद्दलच नव्या करारात याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोहोचला आहे. म्हणून आमच्या घरात एक तारखेला आधी हा पगार बाजूला काढला जातो आणि मग दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. हा क्रम आमच्यातील काही वडीलधाऱ्यांना रुचत नाही, पण मला तो योग्यच वाटतो: दशमांश आपल्या उत्पन्नातून द्यायचा असतो, आणि ताईंचे पैसे आपले नसतातच.

लेवीयाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी खरी मापे आणि खरी वजने यांची आज्ञा आहे. या शहरात ती घर घेताना कसोटीला लागते. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून करारात कमी रक्कम लिहून उरलेली रोख द्यावी, असा आग्रह धरला जातो आणि ‘सगळेच करतात’ असे समजावले जाते. येशू ज्याच्या घरी गेला त्या जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने पैशाचा हिशोब मांडला, लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. तेव्हा विश्वासाचा आणि व्यवहाराचा संबंध नाही, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

त्या अध्यायातील सोळावे वचन चहाडीविरुद्ध आहे. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून दुसऱ्याच्या घरातील भांडण सविस्तर लिहिले जाते, ते मला फार दुखावते; त्या कुटुंबाची परवानगी नसेल तर प्रार्थना एकांतातही करता येते.

हे सारे पाळून देवाची मर्जी विकत घेता येते, असे मुळीच नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात ‘पवित्र व्हा’ हीच आज्ञा सर्व प्रकारच्या आचरणासाठी पुन्हा देतो आणि लगेच आठवण करून देतो की आपली सुटका सोन्यारुप्याने नव्हे, तर ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे. त्या कृतज्ञतेतूनच संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही पापांची कबुली देताना, आज कोणाचे काही देणे आपल्याकडे राहिले आहे का, हेही एकमेकांना विचारतो, आणि राहिले असेल तर जेवायला बसण्यापूर्वी ते देऊन टाकतो.