तळपायाची जखम आणि छातीतली कोलंबी

डिसेंबरातल्या अमावास्येला कालवं काढायला खडपात उतरलो होतो. चपलेचा अंगठा सैल झाला होता, म्हणून ती बांधावर ठेवली आणि अनवाणीच पुढे गेलो. चाळीस वर्षं तसाच जातोय. दोन तासांत डबाभर कालवं झाली, घरी आलो. पडवीतल्या लादीवरचे लाल ठसे आधी हिला दिसले. "अहो, पाय कापलाय तुमचा." मला आपलं वाटलं, कुणीतरी पान खाऊन थुंकलंय. बघतो तर उजव्या अंगठ्याखालच्या गादीवर शिंपल्याने दीड इंचाची चीर पडलेली, आणि मला पत्ता नाही. दुखत नाही म्हटल्यावर मी उलट खूशच झालो.

माझं वय ६३. शुगर चौदा वर्षांची, बीपी त्याच्या मागोमाग आलेलं. दोन्हीच्या गोळ्या घ्यायचो, म्हणजे आठवण आली की घ्यायचो. गाव जयगडच्या खाडीकडे, रत्नागिरीला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. तेव्हा पहिला आठवडा हळद आणि कोकमाचं मुठेल यावर गेला. मुठेल भेगांवर उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण चीर म्हणजे भेग नव्हे. मग जवळच्या एका दवाखान्यात गेलो. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मलम दिलं आणि एक दिवसाआड हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायला सुरुवात केली. पांढरा फेस यायचा आणि कंपाउंडर म्हणायचा, "बघा, घाण निघतेय." पुढे कळलं की तो फेस घाणीसोबत नव्या, कोवळ्या पेशीही मारतो. त्या पाच आठवड्यांत कुणी शुगर तपासली नाही, की या पायावर वजन टाकू नका असंही कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जखम वरून सुकल्यासारखी दिसायची आणि कडेला कातडी जाड, पिवळी होत चालली होती.

संक्रांतीच्या रात्री अंगात ताप होता. साडेबाराला जाग आली ती छातीत काहीतरी उड्या मारतंय म्हणून. पाटीत ओतलेली जिवंत कोलंबी कशी तडातड उडते, अगदी तसं. दम लागलेला, बसलं तरी लागलेला. भजनात मी गेली तीस वर्षं मृदंग धरतो, त्यामुळे हात आपोआप नाडीवर गेला. एखादा ठोका हुकला तर पुढच्या समेवर पकडता येतो. इथे पकडायला समच नव्हती. पुतण्याने गाडी काढली आणि पहाटे आम्ही रत्नागिरीत पोहोचलो.

ईसीजीची पट्टी बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात. खालचे कप्पे त्यातले जमतील तेवढे ठोके घेतात, म्हणून नाडी ना तालात, ना वेगात." माझी १४८ होती. पायाकडे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि विचारलं, "हे किती दिवसांचं?" अंगात जंतुसंसर्ग पसरला की आधीच ताणलेलं हृदय असं बिथरतं, हे त्यांनी तिथेच सांगितलं. दोन दुखणी असावीत असं तोवर मला वाटत होतं.

एका हाताला अँटिबायोटिक, दुसऱ्या हाताला पंपावर लावलेलं एक औषध. बीपी खाली-वर होत होतं म्हणून मॅडमनी हे औषध निवडलं होतं. बंद केलं की लगेच उतरतं, नऊ मिनिटांत रक्तातलं निम्मं संपतं. रात्रपाळीची सिस्टर दर तासाला फोनवर विचारायची, "मॅडम, एस्मोलॉल कमी करू का?" झोप लागत नव्हती, वर पंखा फिरत होता आणि कानावर तेवढा एकच शब्द. म्हणून तो डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मॉनिटरवरची रेघ आपण होऊन सरळ चालीवर आली. मी सम धरून पाहिली, सापडली.

घरी सोडताना रक्त पातळ करायची गोळी मिळाली, दिवसातून दोनदा. ठोके नीट पडताहेत तर ही कशाला, असं मी विचारलंच. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात एक पिशवी असते, तिथे रक्त साकळतं आणि गाठ सुटून मेंदूत जाते. अशा माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट. हा धोका गुणांवर मोजतात: शुगरचा एक गुण, बीपीचा एक, असे माझे दोन गुण भरले आणि गोळी लागू झाली. आयुष्यात परीक्षेत कमी गुण हवेत असं पहिल्यांदाच वाटलं.

आमच्या मोठ्या वहिनींना हीच तक्रार वीस वर्षं आहे. लहानपणी सांधेतापाने त्यांची झडप अरुंद झालेली, त्यामुळे त्या वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवर. दर महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याचा आकडा, तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा, आणि टाकळा-अळू-शेवग्याचा पाला आज ताटभर, उद्या शून्य असं करायचं नाही, कारण पाल्याने गोळीचा जोर कमी होतो. माझ्या गोळीला तपासणी नाही की पाल्याची भानगड नाही, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, मला पण हीच द्यायला सांगा की." मी मॅडमना विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. सांधेतापाने झडप बिघडलेल्यांवर इन्व्हिक्टस नावाची मोठी चाचणी झाली होती, साडेचार हजारांच्या आसपास रुग्ण, निकाल २०२२ चा. नवी गोळी निदान बरोबरीची ठरेल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच, जुन्या पद्धतीच्या औषधावरच्या गटात मृत्यू कमी. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे बसच्या फेऱ्या काही सुटत नाहीत."

हृदयाची फाइल निळी आणि पायाची पिवळी. पायाचं बघणाऱ्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळीची धास्ती, हृदयाचं बघणाऱ्यांना पायाच्या चिरफाडीची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, मधला पोस्टमन मी. शेवटी हिने दोन्ही फायली एकाच कापडी पिशवीत घातल्या आणि कुठल्याही टेबलावर गेलं की दोन्ही एकदम काढून ठेवायची. अर्धे प्रश्न तिथेच मिटले.

फेब्रुवारीत आंबा घाट चढून कोल्हापूरला पायाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी जखमेला हातच लावला नाही. खणातून एक नायलॉनचा दोरा काढला, पेनाच्या टोकाला बसवलेला. मी म्हटलं, "डॉक्टर, ही तर आमची मासे धरायची तंगूस." ते हसले. डोळे मिटायला लावले आणि दोरा वाकेपर्यंत तळपायाला टेकवत गेले. तो वाकतो तेव्हा बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. "लागलं की हो म्हणा." मी वाट बघत बसलो. डोळे उघडल्यावर कळलं की दहा ठिकाणी टेकवून झालं होतं आणि मी चारदाच हो म्हटलं होतं. शिंपला का कळला नाही याचा उलगडा त्या वीतभर तंगुशीने केला. चाळीस वर्षं गरी टाकताना मासा टोचला तरी बोटाला समजतं याचा मला कोण अभिमान!

मग घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी ताडून पाहिलं, रक्तपुरवठा ठीक निघाला. एक्स-रेत हाड वाचलेलं होतं. सकाळची रक्ताची गोळी मॅडमना फोन करून पुढे ढकलली आणि डॉक्टरांनी कडेची ती जाड कातडी पातीने तासून काढली. खाली जखम दिसत होती त्याच्या दुप्पट. ही बघत होती, मी छताकडे. भूल दिली नव्हती, गरजच नव्हती.

औषधापेक्षा कठीण निघाली ती चप्पल. टाचेकडे जाड, पुढे अधांतरी, म्हणजे जखमेवर भार येऊच नये. अंघोळीला जातानाही ती पायात हवी, देवघरातसुद्धा. आमच्याकडे चिऱ्याच्या सात पायऱ्या उतरून विहीर, पुढे उतरती पायवाट. पहिल्या आठवड्यात दोनदा तोल गेला. मार्चात शिमग्याला पालखी दारात आली, खांद्यावर घ्यायला सगळे अनवाणी, आणि मी खुर्चीवर, पायात ते वेडंविद्रं जहाज. मृदंग मात्र कुणी काढून घेतला नाही.

ड्रेसिंग रोज हीच करायची. चिठ्ठीवर एक जेल होतं, दिवसातून दोनदा. पहिल्या दिवशी खोका उघडताना चष्मा लावून नाव वाचलं आणि थबकलो. एस्मोलॉल. हिला म्हटलं, निळी फाइल आण. डिस्चार्ज कार्डावर तोच शब्द. ज्या औषधाने हृदयाचा वेग उतरवला तेच पायाला? चूक झाली असणार, असं समजून मी नळी बाजूला ठेवली आणि कोल्हापूरला फोन लावला.

चूक नव्हती. डॉक्टरांनी नीट समजावलं. हृदयाला पळवणारं ॲड्रेनलिन पकडणाऱ्या जागा जशा हृदयावर असतात तशा कातडीच्या पेशींवरही असतात. जखम भरायची तर कडेच्या पेशींनी आत सरकायला हवं, आणि ॲड्रेनलिनच्या जोरात त्यांचं सरकणं मंदावतं. तो जोर एस्मोलॉल दोन्हीकडे अडवतं. हे जेल पुण्याच्या नोव्हालीड कंपनीने विकसित केलेलं, चाचणी देशातल्या २७ केंद्रांवर १७६ मधुमेही रुग्णांवर झालेली, निकाल २०२३ मध्ये छापून आलेले. बारा आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमा: नेहमीच्या उपचारासोबत जेल लावलेल्यांत ६०.३ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारात ४१.७ टक्के. "पण ते रक्तात गेलं तर?" मी विचारलं. "गेलं तरी लाल पेशींतलं एन्झाइम ते मिनिटांत तोडून टाकतं. तेच तर याचं वैशिष्ट्य." नऊ मिनिटांची गोष्ट मला पंपापाशीच पाठ झाली होती.

आकडे मी दोनदा लिहून घेतले. जेल न लावताही दहातल्या चौघांच्या जखमा भरल्याच की! त्या भरल्या चपलेने, तासण्याने, शुगरने. आणि जेल लावूनही दहातले चौघे राहिलेच. म्हणून नळी आली तरी हिने चप्पल सुटू दिली नाही.

पुण्यात शिकणाऱ्या भाचीला ही हकिगत फोनवर सांगितली तर ती म्हणाली, मामा, यात नवल काय, दोन्हीकडे वीजच आहे. १८४३ साली एमिल द्यू ब्वा-रेमाँ या जर्मन संशोधकाने स्वतःच्या कापलेल्या बोटातून निघणारा बारीक विद्युतप्रवाह मोजला होता. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२१ मध्ये अंगातच विरघळणारा पेसमेकर केला, २०२३ मध्ये तिथेच मधुमेही उंदरांच्या जखमा विजेने तीस टक्के लवकर भरणारी पट्टी केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर साडेतीन मिलिमीटर लांबीचा पेसमेकर, सुईतून सोडता येईल असा. मी फोन ठेवून डब्यातला उकड्या तांदळाचा दाणा तळहातावर घेऊन बघितला. त्याहून लहान. पण उंदरांच्या पट्टीचा माझ्या पायाला काय उपयोग, असं ही म्हणाली, ते खरंच होतं.

दर रविवारी पुतण्या पायाशेजारी पट्टी धरून फोटो काढायचा. पाचव्या रविवारपर्यंत काही हलल्यासारखं वाटेना. मग मधला खळगा लालसर, दाणेदार झाला आणि कडेने पातळ गुलाबी कातडी आत येऊ लागली, ओहोटीनंतर पाणी खाडीत शिरतं तशी, बघत बसलं तर दिसत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, बंद झाली. २०२५ चा पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला. चार दिवस इकडेतिकडे झालं असतं तर ओली जखम घेऊन चिखलात बसलो असतो.

जूनमध्ये चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोके नोंदणारं यंत्र, लावला. ठोके सरळ. मॅडमनी तरी पुढचं सांगून ठेवलं: पुन्हा उसळलं तर ॲब्लेशन. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी ही ठिणगी पडते, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. त्या तोंडांभोवती आतून मुद्दाम जखमा करायच्या, भरून व्रण झाला की वीज पलीकडे जात नाही. आता तर उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी करतात, शेजारच्या अन्ननलिकेला धक्का कमी. नंतरचे आठ आठवडे ठोके बिघडले तरी ते अपयश धरत नाहीत, कारण जखम भरत असते. पूर्वी हे तीन महिने धरायचे. मी म्हटलं, "मॅडम, पायाची भरायला साडेपाच महिने घेतले, आता काळजात कशाला?" त्या हसून म्हणाल्या, "आज नाहीच म्हणते आहे." रक्ताची गोळी मात्र चालू, गुण दोनाचे दोनच आहेत.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला पुन्हा तंगूस लावून घेतली. डोळे मिटले. दहापैकी चार, तेवढेच. मग आता रात्री जेवण झालं की माझा दाढीचा आरसा ही पडवीत जमिनीवर ठेवते, मी त्यावर एकेक पाय धरतो आणि ती बॅटरी मारते. परवा उजव्या टाचेत बाभळीचा काटा निघाला. केव्हा घुसला होता कोण जाणे.